डॉ. कमल रणदिवे : गाठीचं मूळ शोधताना

८ नोव्हेंबर २०२१. मी तेव्हा दहावीत होते. शाळेच्या प्रोजेक्टसाठी गूगल उघडलं, तर गूगलच्या नावाच्या जागी एक चित्र होतं. मायक्रोस्कोपमध्ये बघणारी एक बाई. क्लिक केल्यावर कळलं की या डॉ. कमल रणदिवे, पुण्याच्या. त्यांनी कॅन्सरवर संशोधन केलं आणि आज त्यांचा १०४ वा जन्मदिन आहे. मी मनात अच्छा म्हटलं आणि प्रोजेक्टकडे वळले. मारी क्युरी आणि फ्लोरेन्स नाइटिंगेल आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये तोंडपाठ होत्या. पुण्याच्या कमलताई कुठल्याच धड्यात नव्हत्या, म्हणजे परीक्षेतही येणार नव्हत्या. विषय संपला!

तो पुन्हा निघाला दोन वर्षांपूर्वी, एका आजारपणामुळे. आमच्या नात्यात एक काका होते. त्यांचं नाव-गाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. त्यांच्या हिरडीवर गाठ आली. दाढेचं दुखणं असेल म्हणून त्यांनी दाढ काढून घेतली. गाठ गेली नाही, उलट भराभर वाढली आणि गाल सुजला. शेवटी गाठीचा तुकडा काढून तपासला तेव्हा निदान झालं, प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा. हा लसिका पेशींचा एक दुर्मिळ कॅन्सर आहे आणि तो बरेचदा एचआयव्ही असलेल्या माणसांना होतो.

काकांना बऱ्याच वर्षांपासून एचआयव्ही होता. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी ते सांगितलं नव्हतं. औषधाच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसेल या भीतीने कित्येक महिने गोळ्या आणायलाही ते गेले नव्हते. आम्हा मुलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, मोठ्यांना होतं. काका आले की स्टीलचा एक ठराविक कप बाहेर निघायचा. मला वाटायचं, काकांना त्याच कपातला चहा आवडतो!

काका गेले. मी हॉस्टेलवर परत आले आणि सबमिशन सोडून रात्री मोबाईलवर एकच गोष्ट शोधत बसले. ही गाठ येते कुठून? शोधता शोधता विषाणू आणि कॅन्सर यांच्या नात्यापाशी पोचले. तिथे भारतातल्या सुरुवातीच्या संशोधकांत एक नाव सापडलं, कमल रणदिवे. दहावीतली तीच मायक्रोस्कोपवाली बाई. पुढे वाचलं तर या बाई आपल्या नगर जिल्ह्यातही येऊन काम करून गेलेल्या! म्हणून हा लेख.

कमलचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आई शांताबाई. त्या काळात मुलीला लिहिता-वाचता आलं की पुरे अशी सर्वसाधारण समजूत होती. समर्थांच्या घरी तसं नव्हतं. सगळ्या मुलांनी शिकायचं, मुलींनी तर शिकायचंच, असा वडिलांचा आग्रह होता. कमलचं नाव हुजूरपागेत घातलं गेलं. १८८४ साली सुरू झालेली ही मुलींची शाळा, आणि कमल तिथली हुशार विद्यार्थिनी.

वडिलांच्या मनात मुलीने मेडिकलला जावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं असं होतं. (आपल्यापैकी किती जणांच्या घरी हा सीन झालाय, हात वर करा!) कमलने दोन्ही ऐकलं नाही. फर्ग्युसनला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन तिने बी.एस्सी. विशेष प्रावीण्यासह पूर्ण केलं. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.साठी तिने विषय घेतला सीताफळ-रामफळाच्या कुळाच्या पेशींतल्या गुणसूत्रांचा. आपण बांधावरचं सीताफळ खातो आणि बिया थुंकतो. ती त्याच झाडाची पेशी काचेवर घेऊन आत काय चाललंय ते बघत होती. कॅन्सरचा तोवर संबंध नव्हता. पेशी बघायची सवय मात्र इथेच लागली आणि ती जन्मभर सुटली नाही.

१३ मे १९३९ ला लग्न झालं, गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी. म्हणजे डॉक्टर जावई काही मिळाला नाही, आणि पुढे घरात डॉक्टरेट मिळवली ती सुनेनेच. संसारासाठी त्या मुंबईला आल्या. तिथे टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करता करता १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केलं. या शिक्षणात नवऱ्याची त्यांना मोठी साथ होती. त्यांना अनिल नावाचा एक मुलगा. नोकरी, अभ्यास, मूल, मुंबईचं धावपळीचं जगणं. आपण एक बॅकलॉग राहिला की महिनाभर तोंड पाडून बसतो.

टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या विकृतिशास्त्राचे पितामह. कमलताईंना गुरू मिळाले ते हे. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. अभ्यासाला साधन होतं उंदीर.

इथे थोडं थांबून उंदरांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रयोगशाळेत भावंडांची भावंडांशी पिढ्यान् पिढ्या जोडी लावून उंदरांचे शुद्ध वंश तयार करतात. एका वंशातले सगळे उंदीर जवळपास एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. अशा काही वंशांत बहुतेक माद्यांना स्तनाचा कॅन्सर होतो, काहींत जवळजवळ होतच नाही. मग प्रश्न पडतो, हा फरक कशामुळे? रक्तातून आलेला वारसा? शरीरातले हार्मोन? की बाहेरून आलेलं काही?

१९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधा पण भारी प्रयोग केला. कॅन्सर होणाऱ्या वंशातली पिल्लं जन्मताच उचलून कॅन्सर न होणाऱ्या वंशातल्या आईच्या दुधावर वाढवली. मोठेपणी त्यांच्यातला कॅन्सर खूपच कमी झाला. म्हणजे जन्मदात्या आईच्या दुधातून काहीतरी येत होतं. बिटनर यांनी सावधपणे त्याला दुधातला घटक म्हटलं, पुढे तो विषाणू ठरला. कॅन्सर विषाणूमुळे होऊ शकतो असं म्हणणं तेव्हा धाडसाचं होतं. पेटन राउस यांनी १९११ मध्येच कोंबडीच्या गाठीतून हे दाखवलं होतं, पण त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं १९६६ मध्ये. पंचावन्न वर्षांनी! आपला रिझल्ट उशिरा लागतो म्हणून ओरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कमलताईंनी हाच धागा मुंबईत पकडला. कमी-जास्त कॅन्सर होणाऱ्या वंशांतल्या उंदरांच्या निरोगी स्तनग्रंथी त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. गाठ व्हायच्या आधीच काही वेगळं दिसतं का? वारसा, हार्मोन आणि विषाणू या तिघांत हातमिळवणी कशी होते? एकच गुन्हेगार धरून केस बंद करायची घाई त्यांनी केली नाही. त्यांचं हे म्हणणं आज पुस्तकात सरळ वाटतं. तेव्हा भारतात असं काम करणारे बोटावर मोजण्याएवढे होते.

खानोलकरांनी त्यांना परदेशात जायला भरीला घातलं. फेलोशिप मिळाली आणि कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पोचल्या. मेकॅनिकलवाल्यांना हा माणूस फार आवडेल. शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जगवायच्या, म्हणजे टिश्यू कल्चर, हे त्याचं वेड. शरीरात पेशीभोवती सतत द्रव खेळत असतो, नळीत तो साचून राहतो. म्हणून गायने एक मोठा ड्रम बनवला, त्यात नळ्या खोचल्या आणि तो ड्रम रात्रंदिवस अगदी सावकाश फिरत ठेवला. भंगारातून सामान आणून हाताने यंत्रं जुळवणारा शास्त्रज्ञ. आपल्या वर्कशॉपमध्ये शोभला असता!

याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवल्या गेल्या, तिला न विचारता. त्या हेला पेशी. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. पुढे कळलं की त्या कॅन्सरचं मूळसुद्धा एक विषाणूच होता, पॅपिलोमा विषाणू. जगात सगळ्यांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या कॅन्सर पेशीच्या आतच उत्तर दडलेलं होतं आणि ते सापडायला तीसेक वर्षं लागली.

कमलताई तिकडे राहिल्या नाहीत, परत आल्या. १९५२ मध्ये मुंबईत परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. उभी केली हे आपण पटकन म्हणून जातो. पण पेशीला तापमान अचूक लागतं, क्षार-साखर-प्रथिनं मोजून लागतात, आणि हवेतला एक जंतू आत गेला की महिन्याची मेहनत बेसिनमध्ये. तयार द्रावणाच्या बाटल्या मागवायची आजच्यासारखी सोय नव्हती. मग कमलताई आणि त्यांच्या जीवशास्त्र-रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी पेशींचं खाणंपिणं इथेच तयार करायला सुरुवात केली. पुढे कर्करोगाची उत्पत्ती, पेशीविज्ञान आणि प्रतिकारशक्ती यांचे स्वतंत्र विभाग उभे राहिले. ल्युकेमिया, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर यांच्या कारणांवर काम झालं. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या प्रभारी संचालक म्हणूनही काम पाहिलं. दोनशेच्या वर शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

आणखी एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. कॅन्सरच्याच या संस्थेत त्यांनी कुष्ठरोगाकडेही लक्ष वळवलं. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढतच नाही, ही शास्त्रज्ञांची जुनी डोकेदुखी. १९५८ मध्ये सी. व्ही. बापट, कमलताई आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वेगळा काढून वाढवला. तो पुढे खरा कुष्ठजंतू ठरला नाही, त्याचा भाऊबंद निघाला. पण कुष्ठरोगाविरुद्धच्या एका लशीचं काम याच जंतूवरून पुढे गेलं आणि तिच्या चाचण्याही झाल्या. ज्या रोग्याला घराबाहेर काढायचे, गावाबाहेर झोपडी बांधून द्यायचे, त्याच्या गाठीचा तुकडा त्या काळात कुणीतरी हातात घेऊन शांतपणे बघत होतं. तो माझा स्टीलचा कप आठवा, म्हणजे मी हे का सांगतेय ते कळेल.

आता कमलताई बाजूला ठेवून पाच मिनिटं माझ्या त्या रात्रीच्या प्रश्नाकडे येते. हिरडीवरची गाठ एचआयव्हीमुळे कशी होते?

खरं तर एचआयव्ही ती गाठ थेट करत नाही. आपलं हॉस्टेल डोळ्यांसमोर आणा. काही उपद्रवी मंडळी सगळ्याच हॉस्टेलवर असतात, पण रेक्टर आणि वॉचमन जागे आहेत तोवर ती गुपचूप पांघरूण घेऊन पडलेली असतात. एप्स्टाइन-बार नावाचा एक विषाणू असाच आहे. तो एप्स्टाइन, अचोंग आणि बार यांना १९६४ मध्ये आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या बर्किट लिम्फोमाच्या पेशींत सापडला. जगातल्या दहांतल्या नऊ मोठ्या माणसांच्या शरीरात तो आहेच. तुमच्यात असेल, माझ्यातही. तो बी-पेशी नावाच्या लसिका पेशींत मुक्काम करतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास देत नाही, कारण पहारा चालू असतो. पहाऱ्याचे सुपरवायझर म्हणजे सीडी-४ पेशी. निरोगी माणसात रक्ताच्या एका घन मिलीमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात.

एचआयव्ही एकेक करून नेमके हे सुपरवायझर गारद करतो. औषध घेतलं नाही तर काही वर्षांत संख्या दोनशेच्या खाली येते. मग पांघरुणातली मंडळी उठतात. विषाणू असलेली बी-पेशी वाढत सुटते, तिच्या कामात चुका होत जातात आणि अडवायला कुणी नसतं. लसिका पेशींच्या अशा बेसुमार वाढीतून वेगवेगळे आजार होतात. त्यातले काही नेहमीचे लिम्फोमा, तर काही इतके दुर्मिळ की भल्याभल्या डॉक्टरांच्याही क्वचितच बघण्यात येतात.

काकांना झाला तो प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा. एचआयव्ही असलेल्या रुग्णांच्या तोंडातल्या गाठींवरून १९९७ मध्ये त्याचं वेगळेपण नोंदवलं गेलं. यातल्या बहुतेक गाठींत एप्स्टाइन-बार सापडतो. दुसरा एक विषाणू युआन चँग आणि पॅट्रिक मूर या नवरा-बायकोने १९९४ मध्ये शोधला, ह्यूमन हर्पिस विषाणू-८. त्याच्यामुळे एक लिम्फोमा असा होतो की गाठच दिसत नाही, छातीत किंवा पोटात नुसतं पाणी भरतं आणि कॅन्सरच्या पेशी त्या पाण्यात असतात. त्याच विषाणूमुळे एचआयव्ही असलेल्यांना कॅसलमन नावाचा आजारही होतो. ताप येतो-जातो, मानेला-काखेत अवधाण येतं, प्लीहा वाढते, वजन उतरतं. हा काटेकोरपणे कॅन्सर नाही, पण त्याच्या शेजारघरचा, आणि पुढे लिम्फोमात बदलू शकणारा.

ताप, वजन उतरणं, मानेला गाठ... आपल्याकडे हे ऐकलं की कुणीही टीबी म्हणणार, आणि बहुतेक वेळा तो टीबीच असतो. म्हणूनच दुर्मिळ आजार त्याच्या मागे लपून राहतो. खात्री करायची तर गाठीचा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो. म्हणजे पुन्हा तेच, कमलताईंचं काम. आणि तुकडा काढायचं डॉक्टरांच्या मनात लवकर यायचं असेल, तर पेशंटने आपल्याला एचआयव्ही आहे हे सांगायला हवं. काकांनी ते सांगितलं नाही. या आजारात वेळेवर निदान होऊनही सगळे वाचतातच असं नाही, हे मी वाचलंय. पण गेलेले महिने तर आपल्या हातात होते.

कमलताईंनी एचआयव्हीवर काम केलं नाही. १९८६ मध्ये भारतातले पहिले एचआयव्हीबाधित चेन्नईत सापडले तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. (ते शोधणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, हेही जाता जाता सांगते.) शिवाय ज्या उंदरांच्या विषाणूवर कमलताईंनी आयुष्य घातलं, त्याचा माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरशी संबंध अजून पक्का सिद्ध झालेला नाही. मग त्यांचं काम वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. विषाणू, प्रतिकारशक्ती आणि शरीराचा स्वभाव या तिघांच्या संगनमताने गाठ होते, ही विचाराची पद्धत त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी रुजवली. एचआयव्हीतले लिम्फोमा समजून घेताना आज तीच पद्धत वापरतात. विषाणू वेगळा, पण प्रश्न विचारायची रीत तीच.

त्यांना मानसन्मान मिळाले. १९६४ मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला, सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रासाठी वाटुमल फाउंडेशनचा पुरस्कार. १९८२ मध्ये पद्मभूषण. पण मला त्यांचं १९७३ सालचं काम जास्त आवडतं. त्या वर्षी अकरा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. प्रयोगशाळेत बाईला जागा मिळाली तरी मूल कुठे ठेवायचं, राहायचं कुठे, हे प्रश्न उरतातच. ते त्यांनी स्वतः भोगले असणार. आज नवी मुंबईत वाशीला संघटनेचं मुख्यालय आहे, तिथे नोकरी करणाऱ्या आणि शिकणाऱ्या मुलींसाठी हॉस्टेलही आहे.

आणि आता आपला जिल्हा. संघटनेच्या कामातून कमलताई तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आल्या. आपलं सोनई नेवासे तालुक्यात, मुळेच्या पाण्यावर उसाने हिरव्या झालेल्या पट्ट्यात. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अकोले तालुका आहे, डोंगराळ, आदिवासी. भंडारदऱ्याला सहलीला जाताना आपण राजूर गावावरून जातो, चहाला थांबतो. तिथल्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर कमलताईंनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. त्याच्या नोंदी घेतल्या. जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बायकांसाठी आरोग्याचे उपक्रम चालवले. १९८९ मध्ये निवृत्त झाल्यावर तर ग्रामीण बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणं, आहार आणि आरोग्य शिकवणं, हेच त्यांचं काम झालं.

पद्मभूषण मिळालेली, बाल्टिमोरला शिकून आलेली, संचालकपद सांभाळलेली बाई. आरामात मुंबईत बसून भाषणं देऊ शकली असती. ती डोंगरातल्या पोरांपर्यंत गेली. प्रयोगशाळेतलं ज्ञान तिथेच ठेवलं तर त्याचा उपयोग काय, हे त्यांनी बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवलं. ११ एप्रिल २००१ ला त्या गेल्या. त्यांची संस्था पुढे परळहून खारघरला मोठ्या आवारात गेली आणि आजही कॅन्सरवर काम करते आहे.

आता एक कबुली देते आणि थांबते.

शाळेत असताना १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाला मी पोस्टर केलं होतं. शिवल्याने, एकत्र जेवल्याने एड्स होत नाही, असं रंगीत अक्षरांत. बक्षीसही मिळालं. काकांच्या आजाराचं खरं कळल्यावर मी त्यांना भेटायला गेले. त्यांना स्वतःला धड चावता येत नव्हतं, तरी त्यांनी माझ्यासाठी पेरू चिरला, तिखट-मीठ लावलं. मी फोड हातात घेतली. खाल्ली नाही. बोलता बोलता ओढणीत लपवली आणि बाहेर येऊन टाकली. काकांनी ते बघितलं की नाही मला माहीत नाही. बहुतेक बघितलं असावं, कारण पुढच्या वेळी त्यांनी काही दिलं नाही.

पोस्टर करणारी मी आणि पेरू टाकणारीही मीच. माहिती तर मला होती. म्हणून मला आता नुसत्या माहितीचं फार कौतुक वाटत नाही. कमलताईंनाही माहिती होती, पण त्या ती घेऊन माणसांपर्यंत चालत गेल्या.

आज एचआयव्हीवरचं औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, १ एप्रिल २००४ पासून. २०१७ पासून निदान झालं की सीडी-४ कितीही असोत, लगेच औषध सुरू करतात. रोज गोळी घेतली तर माणूस पूर्ण आयुष्य जगू शकतो, आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला लागत नाही. भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. काकांनी गोळ्या सोडल्या नसत्या तर ती गाठ होण्याची शक्यता खूप कमी होती. गोळ्या त्यांनी आमच्या भीतीने सोडल्या. त्या स्टीलच्या कपाच्या भीतीने. आणि मी आजही त्यांचं नाव लिहू शकत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना अजून त्याच गावात राहायचंय.

इथून पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापूर आहे. बाहेरून आलेले पाहुणे तिथली बिनदाराची घरं बघून थक्क होतात, आपण अभिमानाने दाखवतो. पण घराला दार नसलं म्हणजे मनालाही नसतं असं थोडंच आहे? आपल्या वर्गात, आपल्या मेसमध्ये, शेजारच्या खोलीत कुणाच्या घरी असा एखादा वेगळा कप असेलही. आपल्याला कळणार नाही आणि विचारायची गरजही नाही. एवढंच करू या, की उद्या कुणी कापलेला पेरू पुढे केला, तर तो खायचा.

८ नोव्हेंबर पुन्हा येईल. गूगल चित्र दाखवेल न दाखवेल. मी त्या दिवशी बाजारातून पेरू आणणार आहे. ज्यांना हवा त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या गेटवर यावं.